कोळी, कोयता आणि आपली लाज

"सर, हमारे बच्चे को ये सब नै सिखाना. हम क्या मच्छीवाले, पिंजारे हैं?"

मागच्या वर्षी एका सोमवारी सकाळी एक पालक मला शाळेच्या फाटकातच अडवून हे बोलले. माणूस सज्जन आहे. दाढी व्यवस्थित, कपडे स्वच्छ, छोटं दुकान, मुलगा हुशार. मुलगा डॉक्टर व्हावा ही त्यांची इच्छा आहे आणि ती अगदी रास्त आहे. त्यांना एवढंच माहीत नव्हतं की ज्यांच्याशी ते बोलत होते, ते सर पिंजाऱ्याचे पोर आहेत. माहीत नसण्यात त्यांची चूक नाही. मीच कधी कुणाला कळू दिलं नाही.

झालं असं होतं. शनिवारी दप्तर नसतं. त्या दिवशी मी सातवीच्या मुलांना एक गंमत दाखवली. सोनारकामाच्या सामानातून घेतलेला छोटा शिकंजा टेबलाला लावला, त्यात बारीक गळ अडकवला, त्याच्यावर रेशमाचा धागा गुंडाळला, पुढे कोंबडीचं एक पीस दोन वेढे फिरवलं आणि गाठ मारली. पाच मिनिटांत एक 'माशी' तयार झाली. नंतर काचेच्या बरणीत पाणी घेऊन ती आत सोडली आणि बरणी हळूच हलवली. पिसाचे केस उघडले, मिटले, पुन्हा उघडले. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा ओरडला, "सर, जिंदी है!"

त्या एका ओरडण्यासाठी मी तो तास घेतला होता. घरी गेल्यावर मुलांनी सांगितलं की सरांनी मासे धरायचा गळ बांधायला शिकवला. सोमवारी फाटकात वरचं वाक्य ऐकायला मिळालं आणि मधल्या सुट्टीत वरिष्ठांकडून दुसरं: "तुम्हाला भाषा शिकवायला घेतलंय की मच्छीमारी?"

दोघांनाही मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आज देतो.

आधी त्या माशीविषयी सांगतो, कारण ती समजल्याशिवाय पुढचं भांडण समजणार नाही.

ट्राउट नावाचा मासा थंड, वाहत्या पाण्यात राहतो. तो आपल्याकडे नाही. पाटोद्याच्या उन्हाळ्यात तो एक दिवसही जगणार नाही. भारतात तो इंग्रजांनी आणला. काश्मीरमध्ये 1900 साली विलायतेहून आलेली अंडी जगली आणि तिथल्या नद्यांत तो रुजला. हा मासा पाण्यातले किडे खातो. ते किडे नदीच्या तळाशी वाढतात, मोठे झाले की वर येतात, पाण्यातच कात टाकतात आणि उडून जातात. कात टाकताना काही क्षण ते अर्धे आत, अर्धे बाहेर, धडपडत असतात. मासा नेमका तेव्हा त्यांना गिळतो. म्हणून माणसाने गळावरच धागा आणि पीस बांधून त्या किड्याची नक्कल केली. ही युक्ती फार जुनी आहे. मॅसिडोनियातले लोक गळाला तांबडी लोकर आणि कोंबड्याची पिसं बांधून मासे धरतात, असं रोमन काळातल्या एलियन नावाच्या लेखकाने सुमारे अठराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे.

या माशांचे पुढे शेकडो प्रकार झाले. त्यातला सगळ्यात साधा प्रकार उत्तर इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या आणि स्कॉटलंडच्या सरहद्दीवरच्या नद्यांवर घडला. त्याला तिकडे 'स्पायडर' म्हणतात, म्हणजे कोळी, कारण पिसाचे केस कोळ्याच्या पायांसारखे पसरतात. आता आपल्या मराठीची करामत बघा. आपल्याकडे कोळी म्हणजे जाळं विणणारा किडाही आणि जाळं टाकणारा माणूसही. इंग्रजीत या माशीचं नाव नुसतं वर्णन आहे. मराठीत त्याच नावात कारागीरही आला.

या कोळ्याला तीन वस्तू लागतात: एक गळ, एक रेशमी धागा, एक मऊ पीस. धागा मेणावरून ओढून घ्यायचा. त्याने तो पकडही धरतो आणि रंगही बदलतो. पिवळ्या रेशमाला जुनं, काळपट मेण लागलं की ते शेवाळी दिसतं, अगदी किड्याच्या अंगासारखं. धागा गळाच्या डोळ्याजवळ सुरू करून वेढ्याला वेढा चिकटवत मागे न्यायचा, पण गळाच्या वाकापर्यंत जायचं नाही, अलीकडेच थांबायचं. मग पुढे परतायचं. पिसाच्या बुडाशी जो कापसासारखा भाग असतो तो काढून टाकायचा, केस उलटे फिरवायचे, शेंड्याकडून पीस बांधायचं आणि फक्त दोन वेढे द्यायचे. तिसरा वेढा दिला की माशी बिघडते. केस दाट झाले तर ते एकमेकांना चिकटून बसतात, पाण्यात हलत नाहीत. माशीत जीव येतो तो विरळ पिसांमुळे.

पीसही कोंबड्याचं नको, कोंबडीचं हवं. कोंबड्याच्या मानेचं पीस ताठ असतं. पाण्यावर तरंगणाऱ्या माशीला ते चालतं. कोळी पाण्याखाली वाहतो. त्याला प्रवाहाने हलेल असंच पीस लागतं. तिकडे यासाठी तितराची, चहाची, पाणकोंबडीची पिसं वापरतात. आपल्याकडे माळावर तितर आहे, पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला हात लावता येत नाही आणि लावूही नये. मी चिकनच्या दुकानाबाहेर टाकलेल्या गावरान कोंबडीच्या पिसांतून निवडतो, धुतो, वाळवतो. धागा येवल्याचा. एका नातेवाइकाने पैठणीच्या मागावर उरलेल्या रेशमाची एक गुंडी आणून दिली, ती पोरांच्या कितीतरी पिढ्यांना पुरेल.

आता खरी गोष्ट.

1857 साली इकडे उठाव पेटला होता, तेव्हा तिकडे डब्ल्यू. सी. स्टुअर्ट नावाच्या स्कॉटिश माणसाने ट्राउट धरण्यावर एक पुस्तक छापलं. 'द प्रॅक्टिकल अँगलर' त्याचं नाव. त्यात तीन कोळ्यांची कृती आहे. त्यातला काळा कोळी म्हणजे तपकिरी रेशीम आणि नर साळुंकीच्या जातीच्या तिकडच्या एका पक्ष्याचं बारीक काळं पीस. ही माशी मी शोधली असं स्टुअर्ट म्हणत नाही. ती आपल्याला जेम्स बेली या माणसाने दाखवली, असं तो छापतो. हा बेली कुणी उमराव नव्हता. मासे धरून पोट भरणारा माणूस होता, आपल्याकडच्या भोयासारखा. स्टुअर्टने त्याला स्कॉटलंडमधला सगळ्यात तरबेज गळवाला म्हटलं आणि त्याचं नाव पुस्तकात घातलं.

पुढे 1885 साली टी. ई. प्रिट या लीड्सच्या बँकेत काम करणाऱ्या माणसाने यॉर्कशायरच्या नद्यांवरच्या माशा गोळा केल्या. नदीकाठच्या लोकांच्या डबीत जे होतं, वहीत जे खरडलं होतं, ते एकत्र केलं: कोणता धागा, कोणतं पीस, कोणत्या महिन्यात. रंगीत चित्रांसह पुस्तक काढलं. परिणाम काय झाला? आज जपानपासून अमेरिकेपर्यंत माणसं टेबलावर ते पुस्तक उघडं ठेवून तीच माशी बांधतात. 1975 मध्ये अमेरिकेत सिल्व्हेस्टर नेम्स नावाच्या माणसाने याच मऊ पिसांच्या माशांवर नवं पुस्तक लिहिलं आणि विस्मरणात चाललेली विद्या पुन्हा उभी राहिली. गरिबाच्या हातातली तीन वस्तूंची कृती दीडशे वर्षं टिकली, कारण कुणीतरी कागद घेऊन त्याच्या शेजारी बसलं.

मला ही माशी 2013 च्या उन्हाळ्यात काश्मीरमध्ये लिद्दर नदीच्या काठी एका म्हाताऱ्या माणसाने दाखवली. तो पर्यटकांना मासे धरायला घेऊन जायचा. त्याने टोपीच्या काठात खोचलेली माशी काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "जनाब, तीन चीज़ें हैं, बस. बाक़ी हाथ का काम." मी परत आलो, ती जुनी पुस्तकं शोधली, वाचली, बोटं टोचून घेत शिकलो. आज मी तुम्हाला बेलीच्या काळ्या कोळ्याची कृती झोपेत सांगू शकतो.

आणि माझ्या अब्बांची पिंजण कशी चालायची, ते मला सांगता येत नाही.

हे वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली. माझे अब्बा पिंजारी होते. खांद्यावर पिंजण घेऊन पाटोद्याच्या आसपासची गावं फिरायचे, गाद्या-उश्यांचा दबलेला कापूस पिंजून द्यायचे. पिंजणीला आतड्याची तात असते. तिच्यावर लाकडी मुठियाने ठोकलं की ती घुमते आणि कापूस उडतो. तात किती ओढायची हे ते कानाने ठरवायचे. पावसाळ्यात आवाज बसला की तात शेकायचे. कापूस कोणता, जुना किती, सरकीचे तुकडे राहिलेत का, हे त्यांना तातीच्या आवाजावरून कळायचं. त्यांच्याकडे या सगळ्याला शब्द होते. मला त्यातले दोन आठवतात, तात आणि मुठिया. बाकी सगळे अब्बांबरोबर मातीत गेले.

का गेले? मी विचारलं नाही म्हणून. मी तेव्हा शिकत होतो ना! बीएडच्या प्रवेश अर्जावर वडिलांचा व्यवसाय लिहायचा रकाना होता. मी 'व्यापार' लिहिलं. अब्बांना मराठी वाचता यायचं. त्यांनी अर्ज हातात घेतला, वाचला आणि एवढंच म्हणाले, "व्यापार? काय का व्यापार?" मी गप्प. तेही पुढे बोलले नाहीत. पिंजणाची यंत्रं आली, त्यांची पिंजण माळ्यावर गेली, नंतर कधीतरी मोडीत निघाली. मी ती अडवलीही नाही.

म्हणून फाटकात मला अडवणाऱ्या त्या पालकांवर मला राग येत नाही. त्यांच्यात मला वीस वर्षांपूर्वीचा मी दिसतो. पण ही लाज चुकीची आहे, आणि ती आपल्याला फार महाग पडली आहे, हे मी त्यांना आणि आपल्या सगळ्यांना सांगणारच.

आपली आडनावं बघा. पिंजारी, मोमीन, मणियार, शिकलगार, तांबोळी, अत्तार, बागवान, रंगरेज, कासार. मराठी मुसलमानांची यादी म्हणजे हुनरांची यादी आहे. गावगाड्यात आपण कापूस पिंजणारे, कापड विणणारे, रंगवणारे, बांगड्या भरणारे, हत्यारांना धार लावणारे. कोकणातल्या दालदींची तर पिढ्यान्पिढ्या मासेमारी. आणि आता? दोन पैसे आले, एक पोरगा शिकला की पहिलं काम म्हणजे आडनाव बदलायचं. शेख, सय्यद, खान. मीही त्यातलाच. हुनर गेलं तर गेलं, नावातूनही पुसून टाकायचं. आपल्यात जातपात नाही असं आपण मंचावरून सांगतो. मग 'हम क्या पिंजारे हैं?' हे वाक्य कुठून येतं?

जलशांची भाषणं ऐकतो मी. वक्ते इब्न अल-हैसमचं नाव घेतात, अंदलुसच्या ग्रंथालयांची वर्णनं करतात. टाळ्या पडतात. त्याच यादीत अल-जझरीचं नाव असतं. तो कोण होता, हे मात्र कुणी सांगत नाही. तो कारागीर होता. दियारबकरच्या दरबारात पाण्याची घड्याळं आणि पाणी उपसायची यंत्रं स्वतःच्या हातांनी बनवायचा. 1206 साली त्याने त्या यंत्रांचं पुस्तक पूर्ण केलं. कोणता भाग किती लांब, कसा ओतायचा, कुठे जोडायचा, सगळं मापांसह, चित्रांसह. आठशे वर्षांनी आपण त्याचा अभिमान मिरवतो तो त्याने हाताचं काम कागदावर उतरवलं म्हणून. मग ज्या मोहल्ल्यात जलसा भरतो, त्याच मोहल्ल्यात कोपऱ्यावर धार लावत बसलेल्या शिकलगार चाचांच्या शेजारी आपण वही घेऊन का बसत नाही? दाऊद अलैहिस्सलाम चिलखतं बनवत होते, हे मदरशातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. पैगंबराला हाताच्या कामाची लाज नव्हती, आपल्याला आहे.

आता माझ्यावर येणाऱ्या आक्षेपांकडे वळतो. त्यातले दोन हलके आहेत, एक जड.

पहिला आक्षेप: ही गोऱ्या साहेबांची हौस, आपला काय संबंध? साहेबांची हौस वेगळी होती. उंची सॅमन माशासाठी त्यांनी ज्या माशा बांधल्या, त्यांत साम्राज्यभरातली पिसं लागायची. जॉर्ज केल्सनचं 1895 चं पुस्तक उघडलं की दिसतं. त्यात आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याची, मेणाच्या थेंबासारखा चकाकता ठिपका असलेली मानेची पिसं सगळ्यात लाडकी. त्यासाठी हे पक्षी मारून त्यांच्या मानेची कातडी बोटीने विलायतेला जायची. आता ती निर्यात बंद आहे. ती माशी साम्राज्याची होती. कोळी मात्र परसातला. जे पीस कुंपणाजवळ सापडतं, जो धागा घरात आहे, त्यावर भागवणारा. मी मुलांना दुसरी शिकवली.

दुसरा आक्षेप दीनदार मंडळींचा आहे: खेळासाठी जीव घेणं आपल्याला मना आहे. हा आक्षेप मी डोक्यावर घेतो. विनाकारण मारू नये, तडफडवू नये. वर्गात मी मासा आणलेला नव्हता. बरणीत फक्त पाणी होतं. मी स्वतः पावसाळा सरल्यावर कधी ओढ्याच्या डोहावर जातो. तिथे बोटभर चंदेरी मासे पाण्याच्या पृष्ठावर किडे टिपत असतात आणि ते या माशीलाही येतात. गळाचा उलटा काटा मी पकडीने दाबून टाकतो. खाण्याइतके मिळाले तर घरी नेतो, नाही तर गळ गुंडाळून परत येतो. याहून अधिक खबरदारी कुणी सुचवली तर ऐकेन. पण हा आक्षेप माशी बांधायला लागू होत नाही.

तिसरा आक्षेप जड आहे. तो माझ्याच शाळेतल्या एका सहकाऱ्याने घेतला आणि तो माझ्याहून गरीब घरातून आलेला आहे. तो म्हणाला, "सर, आपला तालुका कोणता ते विसरलात का? दिवाळी झाली की इथली अर्धी घरं कुलूप लावून उसाला जातात. आपल्या पोरांच्या हातात कोयता लिहिलेलाच आहे. त्याच्या हातात तुम्ही पुन्हा हत्यार देताय? त्याला पुस्तक द्या. हाताचं कौतुक पोट भरलेल्याने करावं."

मी त्या रात्री झोपलो नाही. कारण तो खरं बोलत होता. बीडमध्ये 'हात' या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. इथे नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. मुलं फडावर आईबापांमागे जातात आणि हजेरीपटावर माझ्यासमोर रिकामी रांग उरते. असा इलाखा असताना कुणी बाहेरचा येऊन ग्रामीण कारागिरीचं गुणगान करू लागला तर मलाही संताप येईल. आणि या देशात हातकामाच्या नावाखाली जातीचा धंदा पोराच्या गळ्यात अडकवायचे प्रयत्न झालेले आहेत. 1953 साली मद्रास प्रांतात राजाजींनी अशी योजना आणली की मुलांनी अर्धा वेळ शाळेत यावं आणि उरलेला वेळ घरचा धंदा शिकावा. चांभाराच्या पोराने चांभारकी, न्हाव्याच्या पोराने न्हावीकी. पेरियार आणि द्रमुकने तिच्याविरुद्ध रान उठवलं आणि पुढच्याच वर्षी कामराजांनी ती मोडीत काढली. ठीक केलं.

पण माझ्या मित्राला मी एक प्रश्न विचारतो. कोयत्याने माणूस गरीब राहतो तो हाताने काम करतो म्हणून, की कोयत्याशिवाय त्या कामातलं दुसरं काहीच त्याच्या मालकीचं नसतं म्हणून? ऊस त्याचा नाही, कारखाना त्याचा नाही, उचल मुकादमाची, भाव दुसऱ्याने ठरवलेला. त्याला ठाऊक असलेलं ज्ञानही, म्हणजे कोणत्या उसाला कोयता कसा तिरपा घालायचा, बुडख्याला किती खाली कापायचं, मोळी कशी बांधायची, हे सगळं कुणी ज्ञान मानत नाही. म्हणून त्याचा मोबदला टनावर. हातातलं ज्ञान कागदावर नसलं की त्याची मजुरी होते. बेली आणि आपला भोई यांच्या बोटांत काय फरक होता? काहीच नाही. बेलीला स्टुअर्ट भेटला.

आणि हा विचार माझा नाही. तो आपल्याच महाराष्ट्रात, वर्ध्याला मांडला गेला आणि मांडणारांत पुढे एक मुसलमान होता. 1937 च्या ऑक्टोबरमध्ये गांधीजींनी वर्ध्याला शिक्षण परिषद बोलावली. हातकाम हाच शिक्षणाचा गाभा असावा, शिक्षण मातृभाषेतून असावं, हे तिथे ठरलं आणि त्याचा आराखडा करायला समिती नेमली. तिचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन. जन्म हैदराबादचा, म्हणजे त्याच निजामी संस्थानातला, ज्यात 1948 पर्यंत आपला बीड जिल्हा होता. पुढे ते राष्ट्रपती झाले, हे आपण अभिमानाने सांगतो. उर्दूच्या वर्गात मी त्यांची 'अब्बू ख़ाँ की बकरी' शिकवतो. पण तकली आणि चरखा हातात देऊन त्यातून गणित, भूगोल, इतिहास शिकवावा असं म्हणणारे झाकिर हुसेन आपल्याला आठवत नाहीत. त्या समितीने धोकाही ओळखला होता: मुलांनी किती माल काढला याकडेच लक्ष गेलं तर शिक्षण मागे पडेल, असा इशारा त्यांच्या अहवालातच आहे. त्यांना मजूर घडवायचे नव्हते. काम करताना 'असं का?' विचारणारी माणसं घडवायची होती.

त्याचं आपण काय केलं? 'कार्यानुभव' नावाचा विषय केला. मुलं बाजारातून तयार तोरणं आणि तक्ते विकत आणतात, आम्ही शिक्षक गुण देतो, वरून तपासणीला आलेले साहेब सही करतात. विकत घेतलेल्या कामाला दहापैकी नऊ. 2020 च्या नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे पाठवावं असं छापलेलं आहे. छान. पण कारागिराकडे पाहुणा म्हणून जाऊन फोटो काढला, की तो कारागीर शिक्षक होत नाही. त्याला एक दिवसाचं मानधन द्या, खुर्ची द्या, आणि मुलांच्या हातात वही द्या.

वहीवरच माझं सगळं अडलेलं आहे.

रेशमाचंच बघा. आपल्या जिल्ह्यात शेतकऱ्यांनी तुती लावली, रेशीम कोष काढायला लागले. एका कोषात सुमारे एक किलोमीटर लांबीचा अखंड धागा असतो. शेतकरी पूर्वी हे कोष घेऊन कर्नाटकात रामनगरला जायचे. आता जवळ बाजार झाला. पण आपण कोष विकतो, रेशीम परक्याकडून घेतो. ज्या कोळ्याचं अंग रेशमाचं आहे, तो पाटोद्याचा मुलगा बांधतो आणि त्याला माहीत नसतं की हा धागा त्याच्या मामाच्या शेडमधल्या अळीने काढलेला असू शकतो. मी त्या शनिवारी हे सांगितलं, तेव्हा एक मुलगी सोमवारी खिशात कोष घेऊन आली. आम्ही तो गरम पाण्यात टाकला, टोक शोधलं आणि वर्गाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत धागा ओढत राहिलो. मोजता मोजता गुणाकार झाला. अळी कोषात का जाते, हे विज्ञान झालं. 'कोष', 'कोश', 'कोशिंबीर' असे शब्द फळ्यावर आले, हसू झालं आणि मराठी झालं. माझी नेमणूक भाषेसाठी आहे ना? मग झालीच की भाषा.

त्यानंतर मी मुलांना एक काम दिलं. घरातलं कुणीही हाताने जे करतं, ते एका वहीत असं लिहा की वाचणाऱ्याला ते करता आलं पाहिजे. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, घरच्या दखनीत लिहा. वस्तू किती, माप काय, आधी काय, नंतर काय, आणि चुकलं तर काय होतं. पुस्तकातलं उतरवू नका.

अकरा वह्या आल्या. एका मुलीने दादीच्या गोधडीचा टाका लिहिला. कडेने सुरू करून मध्ये कसं यायचं, चित्रासह. एकाने अब्बा मटणाचा सुरा कसा पारखतात ते लिहिलं. बांगड्या भरताना हात कसा दाबायचा की काच फुटत नाही, हे एका मणियार मुलीने लिहिलं आणि खाली तिच्या खालाचं नाव घातलं. मी सांगितलं नव्हतं. स्टुअर्टने जे केलं ते तिने आपोआप केलं.

आणि शेवटच्या बाकावरचा, माशी बघून 'जिंदी है' म्हणणारा तो मुलगा. त्याचे आईबाप उसाला जातात, तो आजीकडे राहतो. त्याने कोयत्याला धार लावणं लिहिलं. कानस कोणती, पातं कोणत्या कोनात धरायचं, पाणी कधी मारायचं, धार लागली हे अंगठ्याने आडवं फिरवून कसं बघायचं. दीड पान. शेवटी एक ओळ: 'धार जास्त काढली तर उसाच्या गाठीला लागून तुटते. बाबा म्हणतात, थोडी ठेवायची.'

दोन वेढे, तिसरा नको. तीच गोष्ट. त्याचे बाबा आणि बेली कधी भेटले नाहीत.

या मुलाने कोयता चालवू नये असं मला वाटतं. त्याने शिकावं, नोकरी करावी, डॉक्टर व्हावं. पण डॉक्टर झाल्यावर अर्जावरच्या रकान्यात त्याने 'ऊसतोड' हे दोन हातांनी लिहावं, माझ्यासारखं 'व्यापार' लिहू नये. आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर पातं हातात घेताना त्याला आठवावं की धार कशी बघायची हे आपल्याला कुणी शिकवलं.

फाटकातल्या त्या पालकांना माझं उत्तर असं: होय, आम्ही पिंजारे आहोत. तुमच्या मुलाला मी मासे धरायला शिकवलं नाही. तीन वस्तूंतून काहीतरी जिवंत उभं करता येतं, त्यात बुद्धी लागते, आणि ती बुद्धी ज्याच्या बोटांत आहे त्याचं नाव लिहून ठेवायचं असतं, एवढं शिकवलं. तुमच्या घरातही असं एक माणूस आहे. तुमचे वडील काय करायचे, ते तुम्ही मला सांगितलं नाहीत. मुलाला सांगा. तो लिहून आणेल, बाराव्या वहीची जागा मी ठेवली आहे.

आणि तुम्ही, जे हे वाचताय, तुमच्या घरात अब्बा, दादी, मामू, चाचा जे कुणी असतील, ते हयात आहेत तोवर आज संध्याकाळी त्यांच्या शेजारी जाऊन बसा. दोन रुपयांचा पेन पुरेल. 'हे कसं करतात?' एवढंच विचारा. मला हा प्रश्न विचारायला वीस वर्षं होती आणि मी विचारला नाही.